हराचच्या शेडमधली दोन इंजिनं

फ्रेस्नोचा सप्टेंबर असा, की
दुपारी उचललेला पाना हाताला चावतो.
हराच मानुक्यान म्हणतो, लोखंड सावलीत ठेवावं,
माणूस कुठंही चालतो.
म्हणून सावलीत दोन इंजिनं
आणि उन्हात पा कू श्याँग, वय एकोणीस,
नखांच्या कडांना स्ट्रॉबेरीचा न निघणारा लाल.
बापाच्या स्टॉलवर तीन हंगाम उभी राहून
तिनं साठवलेत दोन हजार सहाशे डॉलर.
बाकी आहे एक हॅचबॅक,
जिचं बॉनेट उघडलं की थेट जमीन दिसते.

माझं काम टॉर्च धरायचं.

पहिलं जहाजातून आलेलं.
पॅलेटवर, प्लॅस्टिकच्या वेष्टणात,
आत कुणाच्या तरी तेलाचा गोडसर वास.
वायरिंग करवतीनं कापलेलं,
घाईत घर सोडताना पडदे ओरबाडून काढावेत तसं.
विकणारा म्हणतो साठ हजार किलोमीटर,
फार तर सत्तर.
मीटर मात्र गाडीबरोबर तिकडंच राहिला.
झाकणावर एक स्टिकर, जपानी अक्षरं,
त्यातला दहा तेवढा वाचता येतो.
दहा काय? महिना? साल? कितवी खेप?
हराच कॉम्प्रेशन मोजतो:
दोनशे पाच, दोनशे दहा, दोनशे पाच, दोनशे पाच.
शीळ घालतो.
पगार देतानासुद्धा तो शीळ घालत नाही.

दुसरं मडेराच्या भंगारातलं,
मागून ठोकलेल्या चंदेरी गाडीतून उतरवलेलं.
एक लाख नव्वद हजार मैल.
सोबत, ग्लोव्ह बॉक्समधून निघालेली
रबरबँड लावलेली एक छोटी वही.
बेकर्सफील्डची कुणी नर्स. रात्रपाळीची असणार,
कारण सगळ्या नोंदी सकाळी सातच्या.
तेल बदललं. तेल बदललं. पट्टा बदलला.
तेल बदललं, आवाज येतोय, बहुतेक माझ्या डोक्यात.
एकशे ऐंशी, एकशे पंच्याहत्तर, एकशे चाळीस, एकशे ऐंशी.
"तिसरं दमलंय," हराच म्हणतो,
आणि कापडानं हात पुसत राहतो,
पुसून झाल्यावरही.

मग सरकारी तपासणीची गोष्ट निघते.
तो माणूस वाकून, आरसा घालून नंबर वाचतो.
इथल्या बाजारासाठी घडलेलं असेल तर ठीक,
नसेल तर कागद,
आणि त्या कागदासाठी आणखी कागद.
शिवाय पंपावर इथं मिळतं ते एक्याण्णव,
तिकडच्याला सवय शंभरची.
"खोकेल का?" पा कू विचारते.
"खोकेल. किंवा नाही खोकणार.
मी मेकॅनिक आहे, पाद्री नाही."

तेवढ्यात ती ब्रश घेऊन दोन्हींच्या कुशी घासते
आणि मला टॉर्च जवळ आणायला लावते.
ओतकामाची तीच खूण. तीच अक्षरं. तोच छोटा गोल.
दोन्ही एकाच भट्टीतली,
एक तिथं विकायला ठेवलेलं, एक इथं धाडलेलं.
"मग यातलं इथलं कुठलं?"
हराच हसतो तेव्हा त्याचा दात सोन्याचा असतो.
"मला विचारतेस? जन्म बैरूतचा,
शिव्या अर्मेनियन, टॅक्स फ्रेस्नोत."

ती पॅलेटपाशी बराच वेळ उभी राहते.
दोनशे दहा हा आकडा
विशीच्या आत फार सुंदर दिसतो, मला ठाऊक आहे.
मग ती वही उचलते, मागून पुढं चाळते,
पुढून मागं.
"तिसऱ्याच्या रिंगा मी स्वतः बसवल्या तर किती?"
"माझी शेड फुकट. चुका तुझ्या."

रिंगा दोनदा उलट्या बसल्या.
एकदा गॅस्केट फाटलं, एकदा ती रडली,
पण ते कांद्यामुळं, बापानं डब्यात पाठवलेला.

जहाजातलं इंजिन रीनोच्या एका मुलानं नेलं.
त्यानं काहीच विचारलं नाही.
स्टिकर तेवढा निघून जमिनीला चिकटला,
अजून आहे, दहा.

आणि वहीत नर्सच्या शेवटच्या ओळीखाली,
जिथं तिनं पुढच्या वेळचा आकडा लिहून ठेवला होता,
एक लाख त्र्याण्णव हजार,
तिथं आता निळ्या शाईऐवजी पेन्सिल आहे.
सकाळचे सात नाहीत, संध्याकाळचे सहा.
तेल बदललं.
आवाज येतोय.